वर्गात मागे बसून पाहा



५ सप्टेंबरचा शिक्षक दिन नुकताच झाला. आपल्या जालना जिल्ह्यात आठही तालुक्यांतल्या शाळांनी तो हौसेने साजरा केला असणार. मोठ्या वर्गातल्या मुली साड्या नेसून बाई झाल्या, एखादा मुलगा दिवसभरापुरता मुख्याध्यापक झाला. गुलाबाची फुले दिली गेली, शाल-श्रीफळ झाले, भाषणे झाली. दुसऱ्या दिवशी घंटा झाली तेव्हा शिक्षकांपुढे तेच सगळे उभे होते. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन भरायची माहिती, 'आजच सादर करा' असे बजावणारे पत्र आणि समोर चाळीस मुले. मला आज बोलायचे आहे ते या दुसऱ्या दिवसापासूनच्या कौतुकाविषयी. मुख्याध्यापकांनी आपल्या शिक्षकांची कदर वर्षभर कशी करावी, एवढाच माझा विषय आहे.

यावर मुख्याध्यापक मंडळी म्हणतात, "आमच्या हातात आहे तरी काय?" त्यात तथ्य आहे. पगार शालार्थ प्रणालीतून होतो, जिल्हा परिषदेच्या बदल्या ऑनलाइन होतात, पदोन्नती सेवाज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे. त्यातून आपल्याकडच्या कितीतरी वस्त्या आणि तांडे असे आहेत, जिथे शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापकच नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि स्वतंत्र मुख्याध्यापक मिळायला दीडशेच्या वर पट लागतो. म्हणून दोघांमधले जे ज्येष्ठ, त्यांच्याकडे पदभार. ते वर्गही घेणार आणि टपालही बघणार. अशा माणसाने कौतुकासाठी पैसा आणि वेळ कुठून आणायचा?

माझे म्हणणे असे की, कौतुकाला पैसा लागत नाही. त्याआधी एक गोष्ट मात्र लागते. काम पाहावे लागते. महिन्यातून एकदा, एका तासासाठी, हातात तपासणीचा कागद न घेता वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसा. मुलांबरोबर तो पाठ ऐका. मग मधल्या सुट्टीत सांगा, "मॅडम, हातच्याची वजाबाकी शिकवताना तुम्ही काड्यांचा गठ्ठा मुलींनाच सोडायला लावलात. मागे बसलेल्या दोघींना ती तिथेच समजली." 'छान चाललंय' या मोघम शेऱ्याने जे होत नाही, ते या दोन वाक्यांनी होते. आपले काम कुणीतरी नीट पाहिले, हे शिक्षकाला कळते. पाहिल्याशिवाय केलेली स्तुती त्याला लगेच ओळखू येते, कारण मुलांची उत्तरे पाठ केलेली आहेत की समजलेली, हे ओळखण्यातच त्याचा दिवस जातो.

पाहिलेले लिहून ठेवा. खाजगी शाळांसाठीची १९८१ची सेवाशर्ती नियमावली सांगते की गोपनीय अहवालातला प्रतिकूल शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. ते योग्यच आहे. पण चांगले काही आढळले तर तेही दोन ओळींत लिहून, सही करून शिक्षकाच्या हातात द्यायला कोणत्या नियमाची आडकाठी आहे? शिक्षकाची बदली होते, मुख्याध्यापक निवृत्त होतात, तोंडी शाबासकी मागे राहते. कागद मात्र त्याच्याबरोबर पुढच्या शाळेत जातो.

लिहिलेले चारचौघांत सांगा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे बहुधा खोल्यांची दुरुस्ती, पाण्याची टाकी आणि अनुदान यांवर बोलणे होते. आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. दिवाळी झाली की अनेक गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. आईबापांबरोबर मूल गेले की त्याचे वर्ष गेले. अशा वेळी शिक्षक संध्याकाळी घरोघर जातात, आजीला गळ घालतात की नातवंडाला मागे ठेवा, हंगामी वसतिगृहासाठी नावे गोळा करतात. हजेरीपटावर या सगळ्याची खूण म्हणजे एका मुलासमोरची 'हजर' ही नोंद. त्यामागची पायपीट मुख्याध्यापकांनीच समितीला सांगायला हवी. २०११च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती आणि जालन्याची ७१ टक्क्यांच्या पुढे थोडीशीच. हे अंतर भरून काढणारी माणसे आपल्या गावात कोण आहेत, हे गावाला कळले पाहिजे.

आता वेळेविषयी. माझ्या मते शिक्षकाला देण्यासारखी सर्वांत मोलाची भेट म्हणजे त्याचा शिकवण्याचा वेळ. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. प्रत्यक्षात काय होते, ते आपण सारे जाणतो. वरून येणारे पत्र मुख्याध्यापक थांबवू शकत नाहीत. पण तीच माहिती दोनदा मागायची नाही, चालू तासातून कुणाला कार्यालयात बोलवायचे नाही, संगणक येतो म्हणून सगळे ऑनलाइन काम एकाच तरुण शिक्षकाच्या गळ्यात घालायचे नाही, एवढे तर त्यांना ठरवता येते. एखाद्या बाईंचे मूल तापाने फणफणले असेल, तर किरकोळ रजेसाठी त्यांना विनवण्या करायला लावू नका. "तुम्ही जा, तुमचा वर्ग मी बघतो," हे वाक्य कोणत्याही शालीपेक्षा जास्त दिवस ऊब देते.

कौतुकाची खरी परीक्षा तक्रार येते तेव्हा होते. पालक रागाने शाळेत येतात, कधी त्यांच्याबरोबर गावचे पुढारीही असतात. अशा वेळी शिक्षकाला मुलांसमोर जाब विचारला, तर आधीची सारी शाबासकी वाया गेली म्हणून समजा. आधी पालकांना बसवा, पाणी द्या, त्यांचे ऐकून घ्या. मग शिक्षकांचे ऐका. चूक असेल तर ती खोलीत स्पष्ट सांगा. चूक चार भिंतींत आणि कौतुक चारचौघांत, हे पथ्य पाळले तर शाळेतली अर्धी कुरबुर कमी होईल.

एक सावधगिरी सांगतो. दरवर्षी एकाच शिक्षकाचा सत्कार आणि बाकीचे टाळ्या वाजवायला, असे होऊ देऊ नका. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. मान वाटून घेता येतो, हे एका प्राथमिक शिक्षकाने जगाला दाखवले. दुसरे असे की, राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षक स्वतःच अर्ज करतात. स्वतःची थोरवी स्वतः लिहायची म्हटली की चांगल्या शिक्षकाचा हात अडखळतो. तिथे मुख्याध्यापकांनी पुढे व्हावे. "सर, तुम्ही फॉर्म उघडा, मी शेजारी बसतो," असे म्हणावे. बुजरा शिक्षक नाहीतर अर्ज करतच नाही.

मराठवाड्यात मुख्याध्यापक या पदाला जुना मान आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते. माणसे जोडण्याचे काम शाळेतून सुरू होते, हे या मातीला नव्याने सांगायला नको.

म्हणून जिल्ह्यातल्या सगळ्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. या आठवड्यात आपल्या शाळेतल्या एका वर्गात मागे बसा, जे चांगले दिसेल ते दोन ओळींत लिहून त्या शिक्षकाला द्या, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या वर्गात जा. केंद्रप्रमुखांनी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मुख्याध्यापकांच्या बाबतीत हेच करावे, कारण त्यांच्या पाठीवरही कुणाचा तरी हात हवा. आणि पालकांनो, तुम्हीही शाळेत फक्त तक्रार घेऊन जाऊ नका. तुमचे मूल घरी येऊन जे नवीन सांगते, ते त्याच्या शिक्षकांच्या कानावर घाला.