वादळ आणि विमान



आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, मागाच्या खडखडाटात जगणाऱ्या भिवंडीकरांना विमानाशी काय कर्तव्य? पण विमान ही आता धनिकांची चैन राहिलेली नाही. आखातात नोकरीस गेलेला मुलगा, हजला निघालेले वडीलधारे, व्यापारासाठी दिल्ली-कोलकाता करणारे गृहस्थ, सारेच विमानाने जातात. शिवाय आपली ही व्याख्यानमाला भरते तोच वळवाचा ऋतू. 13 मे 2024 रोजी मुंबईवर धुळीचे वादळ आले, त्याची आपणांस आठवण असेल. घाटकोपरला जाहिरातीचा प्रचंड फलक कोसळून 17 माणसे गेली. त्याच दुपारी विमानतळ तासाभराहून अधिक काळ थबकला आणि 15 विमाने दुसरीकडे वळवावी लागली. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा कुलाब्याला ताशी 114 किलोमीटर वेगाचे झोत नोंदले गेले आणि मुंबईचा विमानतळ सकाळपासून रात्रीपर्यंत बंद राहिला. अशा वेळी प्रवासी चिडतात. ते चिडणे कितपत योग्य, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

प्रथम वाऱ्याचा स्वभाव पाहू. वारा जोराचा म्हणजे धोक्याचाच, असे नाही. समोरचा वारा हा उतरणाऱ्या विमानाचा मित्र होय. समजा, हवेतून विमानाचा वेग ताशी 250 किलोमीटर आहे. समोरून 30 किलोमीटरचा वारा असेल, तर ते जमिनीला 220 च्या वेगाने टेकेल. तोच वारा पाठीमागून असेल, तर 280 च्या. वेग सव्वापटीने वाढला, तर थांबण्यास लागणारे अंतर मात्र दीडपटीहून अधिक वाढते. धावपट्टी काही वाढत नाही!

वारा आडवा असला म्हणजे वैमानिक विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवून खेकड्यासारखा तिरका उतरत येतो आणि टेकण्याच्या क्षणी नाक सरळ करतो. आत बसलेल्याला वाटते, विमानाने वाट सोडली. वस्तुतः वाट धरून ठेवण्यासाठीच ती कसरत असते. खरा दगाबाज म्हणजे वादळी ढगाखालून एकदम खाली कोसळणारा वारा. तो जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो. त्यात शिरणाऱ्या विमानाला आधी समोरून आणि लगेच पाठीमागून वारा मिळतो. पंखांखालचा आधार क्षणात कमी होतो. वैमानिक अशा ढगांपासून दूर राहतात, ते यासाठी.

मग उतरणे जमत नसेल तर काय करायचे? पुन्हा वर जायचे. त्याला वैमानिक 'गो-अराउंड' म्हणतात. चाके धावपट्टीजवळ आली असताना इंजिने गर्जतात, विमान झपाट्याने वर चढते आणि प्रवाशांच्या तोंडचे पाणी पळते. पण हा अपघात नव्हे; अपघात टाळण्याचा तो शिकवलेला, घोटलेला मार्ग आहे. दुसरा विमानतळ गाठून वर आणखी अर्धा तास घिरट्या घालता येतील, इतके इंधन नियमाप्रमाणे बरोबर असतेच.

हा मार्ग न धरल्यास काय होते, याचे दुःखद उदाहरण 7 ऑगस्ट 2020 चे आहे. दुबईहून 190 माणसे घेऊन आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पावसात कोझिकोडला उतरत होते. ती धावपट्टी डोंगरमाथ्यावरची. पहिला प्रयत्न सोडून देण्यात आला. दुसऱ्या वेळी विमान उलट दिशेने, पाठीमागचा वारा घेऊन आले आणि सुमारे निम्मी धावपट्टी ओलांडल्यावर टेकले. पुढे ते दरीत गेले. दोन्ही वैमानिकांसह 21 जणांचा अंत झाला. कॅप्टन दीपक साठे हे हवाईदलात नाव कमावलेले, आपल्या महाराष्ट्रातले वैमानिक. त्यांच्या धैर्याविषयी कुणाला शंका नव्हती. तरी चौकशीचा निष्कर्ष हाच निघाला, की तेथे पुन्हा वर जावयास हवे होते. थोर अनुभवालाही वाऱ्याचा नियम सवलत देत नाही, हे आपण नम्रपणे ओळखले पाहिजे.

माघार ही आपल्या विमानवाहतुकीला परकी नाही. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. परंतु जुहूचे ते मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. टाटांनी पावसाशी हुज्जत घातली नाही. विमाने, वैमानिक आणि कारागीर असे सारे बिऱ्हाड त्यांनी पुण्यास, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवले. टपाल चालू राहिले!

आपल्या मागाचेच पाहा ना. आडवा धागा तुटला की माग थांबतो. त्या थांबण्याला कुणी मागाचा दोष म्हणत नाही. न थांबता चालला, तरच कापड बिघडते. 1 जुलै 2019 रोजी मुसळधार पावसात एक विमान मुंबईच्या धावपट्टीपुढे चिखलात गेले. सुदैवाने माणसे वाचली. पण मुख्य धावपट्टी चारएक दिवस बंद राहिली. त्या चार दिवसांपुढे तासभराचा खोळंबा किती लहान!

विमान कंपनीने खोळंब्यात पाणी द्यावे, खरी माहिती द्यावी, हे मागण्याचा आपला हक्क आहेच. तो अवश्य मागावा. परंतु "वाऱ्यामुळे उतरता येत नाही" असे वैमानिकाने सांगितले, तर त्याला भित्रा म्हणू नये आणि "दुसरे विमान तर उतरले" असा वादही घालू नये. घरी वाट पाहणाऱ्यांना एक निरोप धाडावा आणि पट्टा आवळून स्वस्थ बसावे. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.