दूरदर्शनचा डोळा



रेडिओवरून चित्राविषयी बोलायचं म्हणजे थोडं अवघडच काम. पण आजचं चित्र असं आहे, की ते दाखवावं लागत नाही. मधोमध एक भरीव गोळा. त्याच्या वरून एक आणि खालून एक असे दोन बाकदार पट्टे. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळते, जणू एकमेकांचा पाठलाग करणारे. एवढं सांगितल्यावर चाळिशी ओलांडलेल्या श्रोत्यांच्या मनात ते फिरायलाही लागलं असेल आणि कानात शहनाई वाजू लागली असेल. दूरदर्शनचं हे बोधचिन्ह, म्हणजे आपण ज्याला सरळ 'दूरदर्शनचा डोळा' म्हणतो, ते कसं आलं, कसं टिकलं आणि त्यावरून अलीकडे वाद का झाला, हे आज पाहू.

आपल्या देशात दूरचित्रवाणीचं प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झालं. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. या सगळ्या काळात दूरचित्रवाणी ही आकाशवाणीचीच धाकटी बहीण होती. एकच खातं आणि एकच कारभार. १ एप्रिल १९७६ रोजी ती वेगळी झाली. घर वेगळं झालं की दारावर पाटी लागते, तशी दूरदर्शनलाही स्वतःची ओळख हवी होती.

हे काम गेलं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडे, म्हणजे एनआयडीकडे. देवाशीष भट्टाचार्य हे तेव्हा तिथले विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक होते विकास सातवळेकर, जे पुढे या संस्थेचे संचालक झाले. भट्टाचार्यांनी ही आकृती काढली ती वर्गातला एक अभ्यास म्हणून. गोळ्याभोवतीच्या त्या दोन वक्रांचं नातं चीनमधल्या यिन-यांग या आकृतीशी आहे. दोन विरुद्ध शक्ती, पण एकमेकींवाचून अपुऱ्या. संस्थेकडून एकूण चौदा आकृत्या पुढे गेल्या, त्यांपैकी आठ शिक्षकांच्या आणि सहा विद्यार्थ्यांच्या. तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी निवडली ती या विद्यार्थ्याची.

मग प्रश्न आला ती हलती करण्याचा. आज संगणकावर हे काम शाळकरी मूलही करील. तेव्हा संगणक नव्हता. संस्थेतले आर. एल. मिस्त्री आणि भट्टाचार्य यांनी रेखाटनाच्या प्रती कॅमेऱ्याखाली ठेवून, त्या फिरवत फिरवत चित्रित केल्या. तुटक आकार गोल फिरत येतात आणि हळूहळू डोळा साकारतो, ही सारी करामत हाताची. त्याला धून दिली पंडित रविशंकर यांनी, उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्या साथीनं.

आता हे चिन्ह इतकं लोकांच्या मनात का बसलं? त्याची पहिली कारणं अगदी व्यवहारातली आहेत.

तेव्हाचे संच कृष्णधवल होते. पडदा लहान. गच्चीवर किंवा कौलांवर अँटेना, ती वाऱ्यानं फिरली की पडद्यावर मुंग्या. अशा पडद्यावर बारीक नक्षी टिकत नाही. ठसठशीत काळा-पांढरा आकार मात्र मुंग्यांमधूनही ओळखू येतो. दुसरं म्हणजे या चिन्हात एकही अक्षर नाही. आपल्या देशात लिप्या अनेक, आणि ज्यांना अक्षरओळखच नव्हती असे प्रेक्षक त्याहून जास्त. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीनं सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा 'साइट' नावाचा प्रयोग झाला होता. म्हणजे नवा प्रेक्षक कोण असणार, हे तेव्हाच दिसू लागलं होतं. त्या प्रेक्षकापुढे इंग्रजी किंवा नागरी आद्याक्षरांपेक्षा डोळा केव्हाही बरा. आणि तिसरं म्हणजे ही आकृती अर्धा फेरा फिरवली तरी जशीच्या तशी दिसते. त्यामुळे ती फिरताना डोळ्याला खटकत नाही.

आणखी एक कारण आहे, ते चित्रातलं नाही. ते आपल्या वाट पाहण्यातलं आहे. प्रक्षेपण संध्याकाळचे काही तासच. संच एखाद्याच घरी, आणि त्या घरी निम्मी चाळ जमलेली. 'आमची माती आमची माणसं' असो, 'गजरा' असो, की 'छायागीत', त्याआधी हा डोळा फिरायचा. मधेच 'व्यत्यय'ची पाटी लागायची, तेव्हा लोक परत काही दिसावं म्हणून पडद्याकडे टक लावून बसायचे. या सवयीनं एका आकृतीला घरातल्या माणसाची जागा दिली.

पण याच डोळ्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १ एप्रिल १९७६ ही तारीख आणीबाणीतली आहे. ज्या महिन्यांत हा डोळा पहिल्यांदा उघडला, त्या महिन्यांत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता आणि आकाशवाणी-दूरदर्शनवर सरकारचाच आवाज होता. सत्तांतरानंतर १९७७ साली प्रसारमाध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका निघाली. वर्गीस समितीनं स्वायत्त संस्थेची शिफारस केली. प्रसार भारती कायदा संमत व्हायला १९९० उजाडलं, आणि तो प्रत्यक्षात यायला १९९७. म्हणजे हा डोळा जनतेचा की सरकारचा, हा प्रश्न त्याच्या जन्मापासूनचा आहे. आज कोणी तो विचारला, तर नवं काही विचारलं असं होत नाही.

पुढे रूप बदलत गेलं. १९८२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आशियाई स्पर्धांच्या निमित्तानं रंग आला, आणि डोळ्यालाही रंग चढले. 'सत्यं शिवं सुंदरम्' हे ब्रीद जोडीला आलं. १९९२मध्ये 'झी'सारखी खासगी वाहिनी आल्यावर स्पर्धा सुरू झाली. दूरदर्शनच्याही वाहिन्या वाढल्या आणि आपली 'सह्याद्री' आली. मग कुठे चकाकी, कुठे सावल्या, कुठे 'डीडी' ही अक्षरं अशी भर पडली. हे सगळं होऊनही गोळा आणि दोन वक्र कायम राहिले.

परदेशांतल्या सार्वजनिक वाहिन्यांचा अनुभव याला जुळणारा आहे. ऑस्ट्रेलियाच्या 'एबीसी'नं १९६३ साली आपल्या कर्मचाऱ्यांत स्पर्धा घेतली. बिल केनर्ड या चित्रकारानं ऑसिलोस्कोपवर दिसणारी एक लहर, जिला भौतिकशास्त्रात लिसाजू आकृती म्हणतात, तीच चिन्ह म्हणून सुचवली. त्याला बक्षीस मिळालं २५ पौंड. रंगीत प्रक्षेपण आल्यावर ती रेघ जाड झाली, पण लहर तीच राहिली. अमेरिकेच्या 'पीबीएस'साठी हर्ब लुबालिन यांनी १९७१मध्ये 'पी' या अक्षरालाच माणसाच्या चेहऱ्याचा आकार दिला. १९८४ साली तो चेहरा उजवीकडे वळवून एकामागोमाग अनेक चेहऱ्यांसारखा मांडला गेला. एका माणसाच्या जागी जनता आली. २०१९मध्ये रंग बदलला आणि रेषा नेटक्या केल्या, पण चेहरा राहिला. जुन्या वाड्याला रंगसफेदी करतात, कौलं बदलतात, पण जोतं उखडत नाहीत, तसंच हे.

आपल्याकडे २०१७ साली जोतं उखडण्याचा विचार झाला. तरुण पिढीला दूरदर्शन आपलं वाटावं, म्हणून प्रसार भारतीनं नव्या बोधचिन्हासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. बक्षीस एक लाख रुपये. दहा हजारांहून अधिक चित्रं आली. निवडक पाच बाजूलाही काढली गेली. शेवटी मात्र जुना डोळा राहिला. मला या प्रसंगातलं सर्वांत बोलकं काय वाटतं, तर दहा हजार चित्रं. दूरदर्शन कोण पाहतं, असं म्हणणाऱ्या देशात इतक्या लोकांनी कागद-पेन्सिल हाती घेतली.

मग आला एप्रिल २०२४. लोकसभा निवडणुकीचं मतदान सुरू होण्याच्या तोंडावर 'डीडी न्यूज'च्या चिन्हाचा लाल रंग जाऊन भगवा आला. हा रंग एका पक्षाशी जोडला जातो, अशी टीका झाली. प्रसार भारतीचे माजी मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार हे टीकाकारांत होते. हा केवळ दृश्य मांडणीतला बदल आहे, नवं रूप आहे, असं प्रसार भारतीचं म्हणणं होतं.

माझं मत स्पष्ट सांगतो. रंग कोणताच वाईट नाही. भगवा तर आपल्या राष्ट्रध्वजातही आहे आणि वारकऱ्याच्या पताकेतही. प्रश्न वेळेचा आणि पद्धतीचा आहे. सार्वजनिक वाहिनी चालते ती जनतेच्या पैशावर. खासगी वाहिनीनं आपलं चिन्ह रोज बदललं, तर तो तिच्या मालकाचा प्रश्न. इथे मालक आपण आहोत. निवडणुकीच्या दिवसांत पंचानं आपला सदरा बदलायचा म्हटला, तर त्यानं आधी चार लोकांना विचारावं. २०१७ साली निदान स्पर्धा झाली, लोकांना हाक मारली गेली. बदल करायचाच, तर तो रस्ता बरा.

त्याच वेळी चिन्हाचं देव्हाऱ्यात पूजन करण्यातही अर्थ नाही. आठवणींवर बातम्या चालत नाहीत. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा दाखवलं, तेव्हा घरोघरी दूरदर्शन लागलं. ते चिन्हासाठी लागलं नव्हतं, कार्यक्रमासाठी लागलं होतं. डोळा तोच ठेवला आणि त्यातून दिसणारं चित्र एकाच बाजूचं ठेवलं, तर त्या डोळ्याचा उपयोग काय?

एक साधी सूचना मात्र करावीशी वाटते. आपल्याकडे नाण्यावरचं, नोटेवरचं, रेल्वेवरचं चिन्ह कोणी काढलं, हे कुठे लिहिलेलं नसतं. शाळेतल्या चित्रकलेच्या पुस्तकात एक पान देवाशीष भट्टाचार्य यांच्या या आकृतीला द्यायला काय हरकत आहे? एका विद्यार्थ्यानं वर्गात काढलेली आकृती कोट्यवधी लोक ओळखतात, हे विद्यार्थ्यांनाच सांगायला हवं.

आज रात्री बातम्या लावाल, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या गोळ्याकडे आणि दोन वक्रांकडे जरा निरखून पाहा. मग बातमीकडेही तितक्याच निरखून पाहा. नमस्कार.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)