नगरसेविकेची खुर्ची



पाणी केव्हां सुटणार, कचरा कोण उचलणार, बाजारास निघालेल्या स्त्रीला वाटेंत स्वच्छतागृह कोठें मिळणार, हे नगरपालिकेचे नित्याचे प्रश्न होत. त्यांची झळ प्रथम ज्यांस लागते, त्यांना निर्णयाच्या जागीं मात्र फार काळ स्थान नव्हतें. १९५६ सालीं सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. दुसऱ्या महिला महापौर निर्मला सामंत-प्रभावळकर लाभण्यास १९९४ साल उजाडावें लागलें. मधल्या अडतीस वर्षांत या शहरीं कर्तृत्ववान स्त्रिया नव्हत्या, असें कोण म्हणेल?

पुढें कायद्यानें दार उघडलें. महाराष्ट्रानें १९९० सालीं स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठीं तीस टक्के जागा राखून ठेविल्या. १९९३ सालीं अंमलांत आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें देशभरच्या नगरपालिकांत किमान एक-तृतीयांश जागा राखीव झाल्या. आणि २०११ सालीं महाराष्ट्रानें तें प्रमाण निम्म्यावर नेलें. मुंबईच्या २२७ प्रभागांपैकीं २०१७ च्या निवडणुकींत ११४ स्त्रियांसाठीं राखीव होते.

तथापि खुर्चीवर बसतें कोण आणि लोक बोलतात कोणाशीं, या दोन गोष्टी नेहमींच एक असतात असें नाहीं. याची साक्ष माझी मलाच दिली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं गल्लींतील तुंबलेल्या गटाराविषयीं अर्ज घेऊन मी आमच्या नगरसेविकेच्या कार्यालयांत गेलों. टेबलामागें त्या बसल्या होत्या. शेजारीं त्यांचे यजमान. माझा हात आपोआप यजमानांकडे वळला. जन्मभर मुलामुलींस नागरिकशास्त्र शिकविलेला मी मास्तर! यजमानांनीं अर्जावरून नजर फिरविली आणि 'बघतों' म्हणाले. तेव्हां बाई शांतपणें म्हणाल्या, "गुरुजी, दोष तुमच्या गटाराचा नाहीं. कोपऱ्यावरची पर्जन्यवाहिनी अरुंद आहे. पाणी तेथून मागें फिरतें." भर पावसांत छत्री घेऊन त्या स्वतः तेथें उभ्या राहिल्या होत्या. आम्हां दोघां पुरुषांना त्यावर बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं.

नगरसेविका म्हणजे यजमानांची सही, अशी थट्टा आपण करतों. कोठें कोठें ती खरीही असते. पण अर्ज भलत्याच्या हातीं देऊन ती खरी करण्यास आपलाही हातभार लागलेला असतो.

दुसरी अडचण सोडतीची. राखीव प्रभाग निवडणुकीगणिक बदलतात. पांच वर्षें खपून जिनें प्रभागांतला नळ न् नळ ओळखला, तिच्या प्रभागावरील आरक्षण उठलें कीं 'आतां घरच्या पुरुषांस संधि द्या' असा सल्ला तिला मिळतो. तरी निराश होण्याचें कारण नाहीं. रिखिल भवनानी या अभ्यासकांनीं मुंबईच्या निवडणुकांचा अभ्यास २००९ सालीं प्रसिद्ध केला. १९९७ सालीं राखीव असलेले जे प्रभाग २००२ सालीं खुले झाले, तेथें स्त्री निवडून येण्याची शक्यता, पूर्वीं राखीव नसलेल्या प्रभागांच्या मानानें सुमारें पांचपट आढळली. एकदां ती निवडून आलेली दिसली, कीं ती पुन्हां येऊं शकेल हें पक्षांच्या पुढाऱ्यांनाही पटूं लागतें.

खरी मेख तिजोरीपाशीं आहे. महापौर सभेचे अध्यक्ष असतात, अंमलबजावणी आयुक्तांकडे, आणि मोठ्या खर्चाला मंजुरी स्थायी समिती देते. महापौरपद आळीपाळीनें स्त्रियांसाठीं राखीव होतें; स्थायी समितीच्या अध्यक्षपदाला तसें आरक्षण नाहीं. स्त्री सभासदाचें नांव निघालें कीं महिला व बालकल्याण समिति पुढें केली जाते, जणूं जलवाहिन्यांशीं तिचा कांहीं संबंधच नाहीं! हंडा भरण्यासाठीं पहांटे उठतें कोण, हें निदान ऐकणाऱ्या घरांना तरी सांगावयास नको.

पुढल्या खेपेस मीं त्या बाईंना पर्जन्यवाहिनीचें काय झालें म्हणून विचारलें. "प्रस्ताव वर गेला आहे, गुरुजी," त्या म्हणाल्या, "पण तो ज्या समितीपुढें आहे, तींत मी नाहीं." दुसरा अर्ज मीं बरोबर नेला होता. तो त्यांच्याच हातीं दिला.