मंदीतली किंमत, तेजीतला निर्णय



‘नवीन मॉडेल येतंय म्हणे, थांबू का?’ हा प्रश्न कॉम्प्युटरच्या दुकानदाराला रोज ऐकावा लागतो. हातात पैसा खेळता असला की तो हौसेपोटी विचारला जातो, आणि नोकरीचा भरवसा नसला की काळजीपोटी. आज मला या थांबण्याबद्दलच बोलायचं आहे. त्यासाठी मी २००८ सालच्या ॲपलचं उदाहरण घेतो.

त्याआधी एका माणसाची ओळख करून देतो. ॲडम ऑस्बर्न. जन्म बँकॉकचा, पण बालपण तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलईला, रमण महर्षींच्या आश्रमाच्या परिसरात गेलं. या गृहस्थांनी १९८१ साली अमेरिकेत ‘ऑस्बर्न-१’ हा उचलून नेता येणारा कॉम्प्युटर १,७९५ डॉलरला विकायला काढला. वजन अकरा किलो, पडदा जेमतेम पाच इंची, तरी माल हातोहात खपला. १९८३च्या सुरुवातीला त्यांनी पुढच्या मॉडेलची वाच्यता केली. गिऱ्हाईक म्हणालं, मग आत्ता कशाला घ्या? त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीनं दिवाळं जाहीर केलं. कारणं आणखीही होती. केप्रो कंपनी जवळपास त्याच किमतीत नऊ इंची पडदा देत होती. पण धंद्याच्या भाषेत कायमचा राहिला तो ‘ऑस्बर्न परिणाम’. नव्याची चाहूल जुन्याची विक्री मारते, हे साऱ्या उद्योगानं त्यातून शिकून घेतलं.

ॲपलनं तर तोंडाला कुलूपच घातलं. त्यामुळे २१ जुलै २००८ रोजी कंपनीचे अर्थप्रमुख पीटर ओपनहायमर तिमाही निकाल सांगताना सहज बोलून गेले की, पुढे मालात एक बदल येतोय, त्यानं नफ्याचं प्रमाण घटेल, अधिक सांगता येणार नाही, तेव्हा तेवढ्या एका वाक्यावर महिनोन्‌महिने तर्क लढवले गेले. नफा घटणार म्हणजे किंमत उतरणार, असा हिशेब लोकांनी मांडला. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी गुंतवणूक बँक कोसळली आणि या आशेला आणखी जोर चढला. तैवानच्या आसूसचे चारशे डॉलरच्या आसपासचे चिमुकले लॅपटॉप तेव्हा जोरात खपत होते. ॲपलही आठशे डॉलरचा लॅपटॉप आणणार, असं बोललं जाऊ लागलं. ‘ब्रिक’, म्हणजे वीट, असं एक सांकेतिक नावही कानोकानी फिरत होतं.

१४ ऑक्टोबरला ॲपलच्या क्युपर्टिनोच्या मुख्यालयात पडदा उघडला. नवा मॅकबुक १,२९९ डॉलर, मॅकबुक प्रो १,९९९ डॉलर. आठशेचा मागमूस नाही! वीट मात्र खरी निघाली. ॲपलचे तेव्हाचे डिझाइनप्रमुख जोनाथन आइव्ह यांनी मंचावर समजावून सांगितलं की, लॅपटॉपचा सांगाडा आता पत्रे जोडून न करता ॲल्युमिनियमच्या एकाच अखंड ठोकळ्यातून कोरून काढला जातो. सुरुवातीचा ठोकळा अकराशे ग्रॅमच्या पुढचा. यंत्रानं कोरत कोरत शेवटी हाती उरतो तो सव्वाशे ग्रॅमच्या आतला.

मंडळी, माझं म्हणणं या ठोकळ्यातच आहे. असं कोरीव काम कारखान्यात उभं करायचं तर यंत्रं, साचे, पुरवठादार, चाचण्या यांची तयारी फार आधीपासून करावी लागते. लेहमन बुडून जेमतेम महिना झाला होता. म्हणजे मंदीत आपल्यासमोर मांडला गेलेला माल तेजीत ठरलेला होता. हापूसचा भाव कोसळला म्हणून कलमाला त्याच हंगामात वेगळं फळ धरत नाही, तसंच हे.

मग ऐन वेळी कंपनीच्या हातात उरतं काय? किमतीचा कागद. ॲपलनं जुना पांढरा प्लास्टिकचा मॅकबुक यादीतून काढला नाही. १,०९९चा ९९९ डॉलर करून तळाशी ठेवला. डॉलर तेव्हा अठ्ठेचाळीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे तोही स्वस्त नव्हताच. पण त्या दिवशी चणचणीतल्या गिऱ्हाइकासाठी जे काही होतं, ते एवढंच. आणि चर्चा सगळी चकचकीत ॲल्युमिनियमची झाली.

पुढे काय झालं? डिसेंबरअखेरच्या तिमाहीत मॅकची विक्री आदल्या वर्षीपेक्षा नऊ टक्क्यांनी वाढून पंचवीस लाखांवर गेली. त्यानंतरच्या तिमाहीत मात्र ती तीन टक्क्यांनी घटली. मंदीनं ॲपललाही गाठलं. मग जून २००९मध्ये तोच तेरा इंची ॲल्युमिनियमचा लॅपटॉप शंभर डॉलर उतरवून १,१९९ला आला. ऑक्टोबरात गाळलेली आणि व्हिडिओचं काम करणाऱ्यांना चटका लावून गेलेली फायरवायर या जोडणीची खाचही परत आली. मंदीचं उत्तर आलं, पण आठ महिन्यांनी.

म्हणून घेणाऱ्याला माझं सांगणं साधं आहे. अडचणीच्या काळात नव्या मालाच्या घोषणेची वाट पाहायचीच असेल, तर ती नव्यासाठी पाहू नका. यादीच्या तळाशी कोणतं जुनं मॉडेल राहतं आणि कितीला राहतं, ते पाहा. आणि आजचं काम आजच्या यंत्राविना अडलं असेल, तर थांबूच नका. थांबण्यातही पैसे जातात. फक्त त्याची पावती मिळत नाही.

आणि कंपनीला जोखायचं असेल, तर मंदीतल्या तिच्या मालापेक्षा त्या काळातला तिचा खर्च पाहा. आर्थिक वर्ष २००१मध्ये ॲपलची विक्री सुमारे आठ अब्ज डॉलरवरून ५.३६ अब्जांवर घसरली होती. त्या वर्षी संशोधनावरचा खर्च मात्र ३८ कोटींवरून ४३ कोटी डॉलरवर गेला. आयपॉड ऑक्टोबर २००१चा. २००८च्या मंदीतही हात आखडता न घेण्याचंच धोरण राहिलं, आणि जानेवारी २०१०मध्ये ४९९ डॉलरचा आयपॅड लोकांपुढे आला. वाईट दिवसांत कंपनी कशाला कात्री लावते आणि कशाला लावत नाही, हे लगेच दुकानात दिसत नाही. पुढे दिसतं, आणि तेव्हा ते बदलायला कोणाच्याच हातात नसतं.