दुसऱ्या सहीनंतर



वकिलांच्या या परिषदेची अध्यक्ष म्हणून थेट विषयाकडे वळते. तारखा घ्यायची सवय आपल्याला आहेच, पण आज ती नको.

पेडणे आणि डिचोलीच्या कोर्टांत वकिली करताना केस पांढरे झाले. गोव्याच्या कौटुंबिक कायद्याचा कुठे गौरव झाला की मला पहिल्यांदा आठवतो तो कोर्टाचा व्हरांडा. 27 मार्च 2021 रोजी पर्वरीला उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. तेव्हा सरन्यायाधीश शरद बोबडे म्हणाले की समान नागरी कायद्यावर चर्चा झोडणाऱ्या विद्वानांनी गोव्यात येऊन न्यायदान कसे चालते ते पाहावे. पुढे 27 जानेवारी 2025 पासून उत्तराखंडाने स्वतःचा समान नागरी कायदा लागू केला, तेव्हाही गोव्याचे नाव निघाले. कौतुक खोटे नाही. फक्त ते लांबून केलेले आहे.

जवळून काय दिसते? 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात 1870 मध्ये अमलात आला. पोर्तुगालमधली राजेशाही 5 ऑक्टोबर 1910 ला गेली आणि 3 नोव्हेंबरला, म्हणजे महिनाही पुरा व्हायच्या आत, नव्या प्रजासत्ताकाने घटस्फोटाचा कायदा काढला. तो आपल्याकडेही आला. शेजारच्या मुंबई प्रांतातल्या हिंदू स्त्रीला घटस्फोटासाठी 1947 च्या प्रांतिक कायद्यापर्यंत थांबावे लागले, आणि हिंदू विवाह कायदा आला 1955 साली. आपले पेडणे आणि डिचोली म्हणजे नव्या काबिजादी, अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेलेले मुलूख. तरीही या बाबतीत आपण सावंतवाडीच्या कितीतरी पुढे होतो. मुक्तीनंतर 1962 च्या प्रशासन कायद्याच्या पाचव्या कलमाने हे सारे कायदे चालू ठेवले. पोर्तुगालने स्वतः 1967 मध्ये नवा नागरी कायदा अमलात आणला, आपण मात्र जुनाच सांभाळतो आहोत. 'समान' या विशेषणाबद्दलही एक गोष्ट जाता जाता सांगते. हिंदूंच्या रीतीरिवाजांबद्दलचा 1880 चा हुकूमनामा उघडून पाहा. ठराविक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर पुरुषाला दुसऱ्या लग्नाची वाट त्यात ठेवलेली आहे. दिल्लीतल्या भाषणांत ते पान सहसा उघडले जात नाही.

आता सहीकडे येते. आपल्याकडे लग्न कायद्याने होते ते रजिस्ट्रारसमोर. आधी दोघांनी इरादा जाहीर करून पहिली सही करायची, मग नोटीस लागते, कोणाची हरकत नसेल तर दुसरी सही. ती झाली की कायद्यापुरते लग्न लागले. देवळातला किंवा हॉलमधला सोहळा त्यानंतर सहा महिन्यांनी, कधी वर्षानेही होतो. मुलगा बोटीवर असतो, घर बांधायचे असते, मुहूर्त मिळत नाही. मधल्या काळात घरात सगळे म्हणतात, "अजून लग्न कुठे झालंय, नुसत्या सह्या झाल्यात." आणि त्याच काळात मोडते. मुलीचे लोक अंगठी परत करतात, मुलाचे लोक साड्यांचा हिशेब मागतात, दोन्ही घरांना वाटते की सुटले. पुढे दुसरे स्थळ येते, कागद काढायला जातात आणि खिडकीवरचा माणूस सांगतो, तुमचे लग्न झालेले आहे.

मग ती माणसे आपल्याकडे येतात. मुलगी बावीस वर्षांची. आपण काय सांगतो? परस्पर संमतीने घटस्फोट हवा असेल तर 1910 च्या कायद्याप्रमाणे लग्नाला दोन वर्षे झालेली हवीत आणि दोघांचेही वय पंचविसाच्या पुढे हवे. एवढे जमले तरी आधी मिळतो तो तात्पुरता घटस्फोट, आणि तो पक्का व्हायला आणखी एक वर्ष. एक दिवसही एकत्र न राहिलेल्या दोघांना हे सांगताना माझी जीभ अडखळते. लग्नच रद्द ठरवून घ्यायचा मार्ग आहे, पण त्याला जबरदस्ती किंवा फसगत असे काही सिद्ध करावे लागते. मग दोन्ही बाजूंच्या संमतीने अर्जात फसवणुकीची कथा रचली जाते आणि प्रतिवादी तिला विरोध करायला येतच नाही. हे आपण सारे जाणतो. न्यायाधीशही जाणतात. ज्या कायद्यातून बाहेर पडायला दोन सरळ माणसांना खोटे बोलावे लागते, त्याची वाखाणणी करताना आवाज जरा खाली ठेवावा असे मला वाटते.

लग्न मोडायची एकतर्फी कारणेही त्याच कायद्यात आहेत: व्यभिचार, छळ आणि गंभीर अपमान, तीन वर्षे घर सोडून जाणे, चार वर्षे काही पत्ता नसणे, दहा वर्षे राजीखुशीने वेगळे राहणे, जुगाराचे जडलेले व्यसन. जुगाराचे कलम मांडवीतल्या कॅसिनोंच्या काळात भलतेच ताजे झाले आहे, पण ते वापरणारे वकील थोडेच.

महाराष्ट्राच्या सीमेवरची गोष्ट तर आपल्याशिवाय दुसरे कोण सांगणार? पेडण्याच्या घरात सून येते बांद्याहून, डिचोलीतली लेक जाते दोडामार्गात. लग्न तिकडे लागलेले, सह्या इकडे झालेल्या. भांडण कोर्टात आले की पहिल्या कित्येक तारखा कोणता कायदा लावायचा यातच जातात. तिकडे हिंदू विवाह कायद्याच्या 13-ब कलमाखाली वर्षभर वेगळे राहून अर्ज करता येतो, आणि नंतरची सहा महिन्यांची थांबण्याची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले. इकडे ती सवलत नाही. नवऱ्याने डिचोलीत दावा लावला आणि बायको सावंतवाडीला माहेरी बसली, तर दावा बदलून घ्यायला दिल्ली गाठावी लागते, असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. 2023 मध्ये शाह नवाज खान विरुद्ध नागालँड राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दोन राज्यांना उच्च न्यायालय एकच असेल तर ते उच्च न्यायालयही दिवाणी दावा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवू शकते. प्रकरण गुवाहाटीचे होते, पण मुंबई उच्च न्यायालय महाराष्ट्राचेही आहे आणि गोव्याचेही. मूल कडेवर घेऊन बसने येणाऱ्या बाईसाठी हा निकाल सोन्यासारखा आहे. आपल्यापैकी कितीजणांनी त्याच्या आधारे अर्ज केला, हे मी आज विचारत नाही.

ज्यासाठी मी आज उभी आहे तो मुद्दा मालमत्तेचा. लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल तर सहीबरोबर नवरा-बायकोची मिळकत सामाईक होते आणि बायको अर्ध्याची धनी ठरते. भारतात इतरत्र घटस्फोटित बाईला पोटगीसाठी हात पसरावा लागतो. आपल्याकडे तिचा हिस्सा मुळातच तिचा आहे. पण अनुभव काय? घटस्फोटाचा हुकूम होतो, आपण अशिलाचे अभिनंदन करतो, फाइल कपाटात जाते. वाटणीसाठी लागते ती वेगळी इन्व्हेंटरी, म्हणजे मिळकतीची यादी करून वाटप करण्याचे प्रकरण, 2016 पासून गोव्याच्या वारसा व इन्व्हेंटरी कायद्याखाली. ती कोणी लावतच नाही, कारण बाई दमलेली असते, पैसे संपलेले असतात आणि "नको आता त्यांच्या मातीतलं काही" असे तिची आई म्हणते. लावलीच, तर मिळकतीची यादी बहुधा नवराच देतो. आपसात बोली लागते तेव्हा रोख रक्कम त्याच्याकडे असते, कुळागर त्याला जाते आणि हिला मिळते कागदावर ठरलेली रक्कम, हप्त्याहप्त्याने.

आणि गंमत पाहा, मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाल्यापासून पेडण्यात जमिनीचे दर चढले आणि ज्या बायांना वर्षानुवर्षे कोणी विचारले नव्हते त्यांचे पत्ते एकाएकी सापडू लागले. विक्रीखतावर तिची सही लागते ना! एखादा दलाल मिठाईचा पुडा घेऊन माहेरच्या दारात उभा राहतो. तिला वाटते, समेटाची बोलणी करायला आलेत. अशा वेळी सही करण्यापूर्वी ती आपल्यापैकी एकाकडे आली तर तिचे पुढचे आयुष्य बदलते. बहुतेक वेळा ती सही झाल्यावर येते.

पोटगीबद्दल थोडक्यात. नागरिक सुरक्षा संहितेचे 144 वे कलम आणि 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा गोव्यातही लागू आहेत. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालाप्रमाणे दोन्ही पक्षांनी मिळकतीचे शपथपत्र द्यायचे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. शपथपत्र न देता तारखा मागणाऱ्या वकिलाला आपणच अडवले पाहिजे, मग तो आपला जेवणाच्या सुट्टीतला मित्र का असेना.

छोट्या गावातल्या कोर्टाची एक अडचण कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. पुकारा झाला की व्हरांड्यातली निम्मी माणसे ओळखीची निघतात. कोणी वाडीतले, कोणी सासरच्या नात्यातले, आणि जत्रेला पुन्हा त्यांच्याच तोंडावर जायचे असते. बंद खोलीत सुनावणी मागता येते. ती न मागता आपण बाईला भर कोर्टात उलटतपासणीला उभे करतो.

2021 मध्ये तेव्हाचे कायदामंत्री नीलेश काब्राल यांनी लग्नापूर्वी समुपदेशन सक्तीचे करण्याची कल्पना मांडली होती. सक्तीचे समुपदेशन म्हणजे आणखी एक शिक्का, असे माझे मत आहे. त्याऐवजी मी एक साधी गोष्ट मागते. पहिली आणि दुसरी सही यांच्या मधल्या दिवसांत दोघांच्या हातात कोकणी आणि मराठीतले एक पान पडावे. दुसऱ्या सहीने लग्न पुरे होते, अर्धी मिळकत कोणाची, वेगळा करार हवा असेल तर तो आधीच करावा लागतो कारण नंतर करता येत नाही, संमतीने वेगळे व्हायला कायदा किती थांबवतो, आणि बाईला उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो, एवढेच त्यावर असावे. 1987 च्या विधी सेवा कायद्याचे 12 वे कलम हे सांगते आहे, तरी पेडण्याच्या बाजारात दहा बायांना विचारा, किती जणींना ठाऊक आहे ते कळेल.

त्या पानाचा मसुदा मी तयार केला आहे, प्रती मागच्या टेबलावर आहेत. दुपारच्या सत्रात तो ओळीओळीने वाचू. रजिस्ट्रार कार्यालयातली मंडळी बसलेली आहेत तोवर त्यांच्या हरकती आधी ऐकू, कारण खिडकीवर तो द्यायचा आहे त्यांना. तिसऱ्या परिच्छेदात मिळकतीची भाषा मला अजून अवघड वाटते. ती कोणाला सोपी करता आली तर जेवणाआधी मला भेटा.