दाखल्याच्या पुढचे काम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात बचत, शिवणकाम, आरोग्य या विषयांवर पुष्कळ बोलणे होते. यंदा मला स्वमग्न मुलांच्या शाळेविषयी बोलण्यास सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु माझा धाकटा मुलगा स्वमग्न आहे, आणि त्याच्या निमित्ताने दवाखाना, कचेरी व शाळा यांच्या पायऱ्या झिजवताना जे कळले, ते इतर आयांच्या उपयोगी पडावे, एवढाच हेतू.

स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे, आणि दृष्ट लागणेही नव्हे. मेंदूची घडणच निराळी असते. असे मूल हाक मारली तर वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, एकच शब्द पुनःपुन्हा घोकते, कुकरच्या शिट्टीने कान झाकून घेते. एखादे मुळीच बोलत नाही, तर एखादे घडाघडा बोलते पण चारचौघांत मिसळत नाही. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा मुलांचे वर्णन लिहून ठेवले. पुढे कित्येक वर्षे तिकडचे मोठमोठे तज्ज्ञसुद्धा आईची माया कमी पडली म्हणून मूल असे झाले, असे म्हणत. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून हे मत खोडून काढले. तो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता. तेव्हा आपल्या गावात कोणी आईला बोल लावू लागले, तर आपण तिच्या बाजूने उभे राहावे.

आता तपासणीविषयी. “बाप उशिरा बोलला, हाही बोलेल,” असे आमच्या घरीही म्हणत. मी मात्र तो अडीच वर्षांचा असतानाच तपासणीचा हट्ट धरला. आधी कान तपासून घ्यावेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचे डॉक्टर अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासतात. त्या दिवशी आईने स्वतः हजर राहून शंका सांगावी, म्हणजे ते पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी देतात.

स्वमग्नता मोजण्यासाठी आपल्या देशातच तयार केलेली ४० बाबींची एक पट्टी आहे. प्रत्येक बाबीला १ ते ५ गुण असतात. बेरीज ७० च्या खाली आली तर स्वमग्नता नाही असे धरतात. १५३ च्या वर गेली तर ती तीव्र समजतात. यातील बरीचशी माहिती आईलाच विचारतात. म्हणून जाण्याआधी पंधरा दिवस एका वहीत टिपून ठेवावे: मूल केव्हा रडते, कशाने शांत होते, काय खाते, किती झोपते. दवाखान्यातल्या गडबडीत ऐन वेळी काही आठवत नाही, वही मात्र विसरत नाही.

भगिनींनो, मला मुख्य सांगायचे ते पुढेच आहे. दाखला हाती आला की काम संपले, असे पुष्कळांना वाटते. दाखल्यावर टक्के असतात. मुलाला काय येते, काय जड जाते आणि कसे शिकवले म्हणजे समजते, हे त्यात नसते. म्हणून तपासण्या दोन लागतात. एक हक्कासाठी, दुसरी शिकवण्यासाठी. दुसरी मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही.

हक्काचे म्हणाल तर १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील २१ प्रकारांत ते आले. ज्या मुलाचे प्रमाण ४० टक्के वा अधिक आहे, त्याला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

तरीही आम्ही पहिलीत नाव घालायला गेलो तेव्हा एका शाळेत “याला घरीच सांभाळा” असे उत्तर मिळाले. मी वाद घातला नाही. घरी येऊन थोरल्या मुलीकडून अर्ज लिहून घेतला, दोन प्रती केल्या, आणि एकीवर शिक्का मारून पोच घेतली. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. पोच असलेल्या कागदाला उत्तर द्यावे लागते. नाव दाखल झाले. मग गट साधन केंद्रातून समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षिका आल्या. त्यांनी दोन दिवस त्याच्याजवळ बसून कागदावर आराखडा केला: घंटेपासून दूरची जागा, चित्रांचे वेळापत्रक, एका वेळी एकच सूचना, आणि खिचडीच्या वेळी थाळ्यांचा खणखणाट सुरू होण्याआधी त्याला वाढणे. यात सरकारचा काय खर्च झाला? पण मुलगा वर्गात बसू लागला. आज तो पाचवीत आहे. बोलतो थोडेच; पण एस.टी.वरच्या सगळ्या पाट्या वाचतो.

सगळे सुरळीत आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या शाळेच्या वाट्याला त्या शिक्षिका आठवड्यातून एकच दिवस येतात. आपला जिल्हा १४ तालुक्यांचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोल्याच्या डोंगरातल्या किंवा जामखेडकडच्या बाईने रोज बुडवून, मूल कडेवर घेऊन नगरच्या किती खेपा घालाव्यात? तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस तरी ही तपासणी व्हावी, असा ठराव मंडळाने आज करावा, अशी माझी विनंती आहे.

तोवर आपल्या हातचे आपण करू. अशा आईबरोबर एका बाईने नगरला जावे. अर्जाचा नमुना मंडळाच्या कपाटात ठेवावा. आणि हळदीकुंकवाला तिने मूल आणले, तर “अजून बोलत नाही का?” असे न विचारता त्याला शांत कोपऱ्यात जागा द्यावी.

याच नगरमध्ये फॅरारबाईंच्या शाळेत सावित्रीबाई फुले अध्यापनाचे धडे घ्यायला आल्या होत्या. मुलींनी शिकून काय करायचे, असे म्हणण्याचा तो काळ. आज आपल्या मुली शाळेत जातात, कारण कोणीतरी आधी शाळेचे दार उघडले. या मुलांसाठी तेवढेच मागते आहे.