घरच्या अंगणात होडी



होडी बांधायची म्हटलं की किनाऱ्यावरचे जुने सुतार आठवतात. वाकडी खोडं निवडून त्यांतून फासळ्या काढायच्या, फळ्या तापवून वाकवायच्या, सांध्यांत कापूस ठोकायचा. ही विद्या अंगात मुरायला अर्धं आयुष्य जातं, आणि चांगलं सागवान आज साध्या माणसाच्या खिशाला झेपत नाही. आज मी बोलणार आहे ती होडी निराळी आहे. रविवारी हातात करवत घेणाऱ्या कोणालाही ती घरी बांधता येते.

१९६३ साली लंडनच्या ‘डेली मिरर’ दैनिकाने कामगार कुटुंबाला परवडेल अशी शिडाची होडी बाजारात आणली. बॅरी बकनेल हे दूरचित्रवाणीवर घरकामाची कारागिरी शिकवणारे लोकप्रिय गृहस्थ आणि जॅक होल्ट हे नाणावलेले होडीरचनाकार. या दोघांनी मिळून ही ‘मिरर डिंगी’ आखली होती. लांबी ३.३ मीटर, वजन सुमारे ४५ किलो, म्हणजे दोघांनी उचलून मोटारीच्या टपावर ठेवावी इतकी हलकी. घरी जोडायचं सगळं सामान ६३ पौंड ११ शिलिंगांना मिळे. तिकडच्या कारखान्यातल्या कामगाराचा तेव्हाचा महिन्याचा पगार साधारण तेवढाच होता. पुढे अशा ७० हजारांहून अधिक होड्या पाण्यात उतरल्या.

हे जमलं ते जोडणीच्या युक्तीमुळे. शिंपी सपाट कापड बेतून कापतो आणि शिवताना त्याला अंगाचा आकार येतो, तसंच इथे प्लायवुडचं होतं. तळाचे आणि बाजूंचे तुकडे सपाटच कापायचे. कडांना जोडीजोडीने छिद्रं पाडायची, त्यांतून तांब्याची तार ओवून पक्कडीने पीळ द्यायचा. कडा एकमेकींना भिडू लागल्या की प्लाय आपोआप वाकतो आणि होडीचा घाट उभा राहतो. मग आतून सांधा राळेने भरायचा आणि त्यावर काचतंतूंची पट्टी बसवायची. राळ सुकली की तार कापून टाका. तिचं काम संपलेलं असतं.

फळ्या शिवणं आपल्या किनाऱ्याला नवं नाही. गोव्यात आणि दक्षिण कोकणात रापणीच्या मासेमारीच्या होड्या काथ्याने शिवल्या जात. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेलं ‘कौंडिण्य’ मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. त्याच्याही फळ्या काथ्यानेच शिवलेल्या आहेत. ज्या मुलखाने ही विद्या शतकानुशतकं जपली, तिथल्या मुलांना होडी ही फक्त तिकीट काढून बसायची वस्तू वाटावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता कामाचं बोलू. पहिल्या होडीला शीड नको, वल्ह्याची सपाट तळाची होडी करा. ६ मिलिमीटरचे आठ बाय चार फुटांचे दोन-तीन प्लाय एका लहान होडीला पुरतात. प्लायवर ‘आयएस ७१०’ हा शिक्का बघून घ्या, तो मरीन प्लायचा. तरीही एक तुकडा घरी तीन-चार तास पाण्यात उकळून पाहा. थर सुटले तर तो माल परत करा. आराखडा मात्र जाणकाराने आखलेला, आधी कोणीतरी बांधून पाहिलेला घ्या. वळणाच्या रेषेसाठी आराखड्यातल्या खुणांवर खिळे मारा, त्यांना टेकवून एक लवचीक लाकडी पट्टी वाकवा आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवा. तारा ओवून झाल्या की राळ लावण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर होडी वाकडी झाली आहे, आणि राळ सुकल्यावर तो वाकडेपणा काढता येत नाही.

राळ इपॉक्सीची घ्या. राळ आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजूनच मिसळा, अंदाजाने नको. एका वेळी थोडीच कालवा, कारण भांड्यात साचून राहिली की ती तापते आणि हातातच घट्ट होते. सांधा भरायला तिच्यात लाकडाची बारीक भुकटी मिसळतात. हातमोजे घाला, घासताना नाकातोंडावर मास्क बांधा. वरून रंग द्यायला विसरू नका, कारण उन्हाने इपॉक्सी खराब होते.

होडी किती भार पेलेल, याचा हिशोब शाळेतल्या मुलालाही करता येतो. तळ दोन चौरस मीटर असेल तर प्रत्येक २० किलोमागे ती सुमारे एक सेंटिमीटर बुडते. दोन माणसांचे १५० आणि होडीचे ४० मिळून १९० किलो झाले, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर. बाजू चाळीस सेंटिमीटर उंच असली तर साडेतीस सेंटिमीटर पाण्यावर उरते. हा हिशोब फळ्यावर मांडून मग तोच पाण्यात पाहणाऱ्या मुलाला आर्किमिडीज पाठ करावा लागणार नाही.

पुढे आणि मागे हवाबंद कप्पे ठेवायलाच हवेत, म्हणजे उलटली तरी होडी तरंगते आणि तिला धरून राहता येतं. जीवरक्षक जाकीट प्रत्येकाच्या अंगावर हवं, पट्टे आवळलेलं. ते होडीत नुसतं ठेवून उपयोग नाही. पहिली फेरी कमरेएवढ्या शांत पाण्यात मारा. समुद्रात, नदीच्या पुरात किंवा वाऱ्याच्या दिवशी ही होडी नेऊ नका. धरणाच्या जलाशयात उतरण्याआधी परवानगी विचारून घ्या.

किनाऱ्यावरच्या आणि धरणांजवळच्या तंत्रशाळांना माझी विनंती आहे. लाकूडकामाच्या तासाला पाट आणि स्टूल होतातच, वर्षाला एक होडीही होऊ द्या. वर्गाने मिळून ती बांधावी, पोहता येणाऱ्या मुलामुलींनी शिक्षकांच्या नजरेखाली वल्हवावी. काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्याच्या दमट हवेत इपॉक्सी नीट बसत नाही. कोरड्या दिवसांत सुरुवात केलीत तर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी होडी तयार होईल.